शांतता क्षेत्रातला रक्तदाब

लष्कराच्या लेखी पुणे हे ‘पीस स्टेशन’. इथे गोळी सुटत नाही, बर्फ पडत नाही, सरहद्द शेकडो कोस लांब. सबब इथे माणसाला ताण यायचं कारण नाही. हिंजवडी पुण्याला लागूनच (नेमकी कुणाच्या हद्दीत, हा वाद संबंधितांनी आपसात मिटवावा), तेव्हा हिंजवडीही ओघाने शांतच. सकाळी पावणेनऊला भूमकर चौकातून फेज थ्रीकडे निघालेल्या माणसाला मात्र हे सांगायला जाऊ नये. तो मेट्रोच्या एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकत असतो, कानात मॅनेजरचा कॉल चालू असतो आणि डावीकडून पाण्याचा टँकर घुसत असतो. त्या क्षणी त्याच्या दंडाला पट्टा बांधला तर यंत्रच हात जोडेल.

शांततेची ही सरकारी व्याख्या मला समजली ती आमच्या सोसायटीच्या सुभेदारसाहेबांमुळे. हिंजवडीत कुठल्याही फाटकावर बुटात तोंड दिसेल असा पॉलिश केलेला, टोपी भुवईवर बरोबर दोन बोटं ठेवलेला माणूस दिसला की तो पलटणीतून आलाय असं खुशाल समजावं. कुणी साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीचा, कुणी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. गावाच्या नावातच नोकरी. आयुष्यभर नियंत्रण रेषा राखून आता ही माणसं पार्किंगची पिवळी रेषा राखतात, आणि ती जास्त अवघड आहे असं त्यांचं मत आहे. शत्रू निदान रेषा ओलांडताना लपून यायचा. बी विंगचे लोक हॉर्न वाजवत येतात.

तर सुभेदारसाहेब आमचे सिक्युरिटी सुपरवायझर. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला साहेब म्हणतात, त्यामुळे आमच्या संभाषणात हुकूम कुणी कुणाला द्यायचा हे कधी ठरत नाही. एका संध्याकाळी ते रेक्झिनची पिशवी घेऊन आले. “साहेब, तुमचं इंग्रजी कंपनीचं हाय. जरा बघता का, ह्यात नेमकं काय म्हंत्यात ते?”

पिशवीत फाइल होती. मी कंपनीत बऱ्याच फायली पाहिल्या आहेत, पण अशी नाही. प्रत्येक कागदाला भोक बरोबर मध्यावर, प्रत्येक पत्राला रंगीत चिठ्ठी, सर्वांत वर अनुक्रमणिका, आणि पाकिटंसुद्धा जपून ठेवलेली. का, तर पत्र कधी निघालं आणि कधी पोचलं हे पोस्टाच्या शिक्क्यावरून सिद्ध करता यावं. त्यांनी रक्तदाब सोडून आयुष्यात सगळं काबूत ठेवलेलं दिसत होतं.

फाइलीतला मुख्य कागद म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा, एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म. आजार : प्रायमरी हायपरटेन्शन. टक्के : तीस. मुदत : आजन्म. सेवेमुळे झाला का? नाही. सेवेमुळे वाढला का? नाही. कारण? आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर. या दोन नकारांचं इंग्रजी लघुरूप होतं ‘नाना’, आणि माजी सैनिकांत ते तसंच रूढ आहे. नाना लागला की अपंगत्वाची पेन्शन नाही. “आमाला नाना लागला,” असं सुभेदारसाहेब म्हणाले, तेव्हा मला आधी वाटलं कुणी नातेवाईक राहायला आलेत. एका अर्थी आलेच होते. निवृत्तीपासून मुक्काम हलवलेला नाही.

मी विचारलं, “पण रक्तदाब सुरू कधी झाला?”

“कसं सांगू? नौशेऱ्याला होतो तवा कुणी मोजलाच न्हाई. तितं दुसरंच मोजत बसायचो. मग नगरला पोस्टिंग आलं, तितं डॉक्टर हुता, मशीन हुतं. त्यानं मोजला.”

म्हणजे आजार जिथे सापडला तिथे तो झाला, असा हिशेब. या न्यायाने रक्तदाब हा डॉक्टरांच्या सान्निध्यात होणारा संसर्गजन्य रोग ठरतो. आमच्या धंद्यातही ही रीत आहे. क्लायंट अमेरिकेतून ओरडत असतो की तुमचा प्रोग्रॅम बंद पडतोय, आणि इकडे फेज टूमधला पोरगा शांतपणे उत्तर लिहितो, ‘माझ्या मशीनवर चालतो आहे,’ आणि तक्रार बंद करून चहाला जातो.

त्याच फॉर्ममध्ये जवानाने स्वतः भरायचा भाग असतो. नोकरीतल्या कोणत्या घटनेमुळे आजार झाला असं तुम्हाला वाटतं, असा काहीसा प्रश्न. सुभेदारसाहेबांनी तिथे ‘२८ वर्षे सर्व्हिस’ असं लिहिलं होतं. ती एक घटना धरायची का, हा पेच बोर्डाला पडला असणार. हृदयविकार असता तर आणखी गंमत. तिथे झटक्याच्या आधीच्या चौदा दिवसांत माणूस काय काम करत होता याचा तक्ता मागवतात. हृदय मागचं विसरतं, फक्त पंधरवड्याचं पान उघडं ठेवतं, असं त्या वैद्यकशास्त्रात असावं.

आता खरी मजा पुढे आहे. नियम सुभेदारसाहेबांच्या बाजूचा आहे, आणि तो आजचा नाही. १९८२ सालच्या पात्रता नियमांत सरळ लिहिलेलं आहे : भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो जवानाला तेव्हा नव्हता असं धरायचं; पुढे आजारामुळे त्याला घरी पाठवलं तर तो नोकरीमुळे झाला असं धरायचं; सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही; आणि संशयाचा फायदा त्याला. किती सोपं! भरतीच्या वेळी पोराला दीड-पावणेदोन किलोमीटर पळवतात, नऊ फुटांचा खड्डा उडवून घेतात, छाती फुगवून मोजतात, दात मोजतात, कान तपासतात, आणि ‘शेप वन’ असा शिक्का मारतात. मन, कान, हातपाय, शरीर, डोळे, पाचही पहिल्या नंबरचे. माल घेताना इतका पारखून घेतल्यावर परत करताना ‘हा डाग तुमच्या घरूनच आला होता’ म्हणता येत नाही, हे अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा दुकानदारही कबूल करेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हेच सांगितलं. २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा सांगितलं, की बोर्डाने कारणं दिली नसतील तर त्या कागदावर पेन्शन नाकारता येत नाही. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानेही एका मधुमेहाच्या प्रकरणात बजावलं, आजार पीस स्टेशनवर सुरू झाला एवढं कारण पुरेसं नाही. म्हणजे प्रश्न सुटलेला आहे. फक्त तो प्रत्येकाने आपापला वेगळा सोडवून घ्यायचा आहे. निकाल देशभर लागू असतो आणि पेन्शन ज्याने दावा लावला त्याला.

दावा लावायच्या पायऱ्या अशा. आधी पहिलं अपील. तिथे एक समिती बसते. मग दुसरं अपील; तिथे पहिल्या समितीहून मोठी समिती बसते. दोन्हीकडून येणाऱ्या पत्रांत मजकूर बहुधा तोच असतो, सही बदलते. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. हे २००९ च्या ऑगस्टपासून सुरू झालं. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. त्याआधी हायकोर्टात जावं लागे. सुभेदारसाहेब पहिल्या दोन पायऱ्या चढून आता तिसरीवर दम खात उभे आहेत. दम लागणं सेवेमुळे की वयामुळे, हे अद्याप कुणी विचारलेलं नाही.

दमाने घेऊन मात्र चालत नाही. एका जवानाला १९८३ साली आजारपणामुळे लष्करातून काढलं, तो कोर्टात गेला १९९९ साली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हक्क मान्य केला, पण थकबाकी दिली ती कोर्टात येण्याच्या आधीच्या तीन वर्षांची. उरलेली तेरा वर्षं तो बिचारा ‘आज ना उद्या सरकार देईल’ असं म्हणत बसला असणार. सहनशक्ती हा गुण परेड ग्राउंडवर शिकवतात. पेन्शनच्या कार्यालयात त्याचे पैसे कापून घेतात.

सुट्टीवरच्या दुखापतीचे खटले हा तर वाङ्मयाचा एक वेगळा प्रकार आहे. मी सुभेदारसाहेबांच्या निमित्ताने ते वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो विटी-दांडूचा. जवान वार्षिक सुट्टीवर गावी होता, डोळ्याला विटी लागली. सुट्टी हीसुद्धा ड्युटीच, म्हणून पेन्शन द्या, असं त्याचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, सुट्टी ड्युटी असेल, पण विटीचा आणि सैनिकी सेवेचा काही संबंध दिसत नाही. कायदा म्हणून चूक काढता येत नाही. पण तरणेताठे वकील दिल्लीच्या त्या भव्य दालनात विटी म्हणजे काय, ती किती लांबीची, दोन्ही टोकांना का तासलेली, हे काळा कोट घालून समजावून सांगताहेत, असं चित्र डोळ्यासमोर आलं आणि मला फार बरं वाटलं. आमच्या लहानपणी हा खेळ खेळणाऱ्यांना ‘तुझं काही होणार नाही’ म्हणत. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला की तो खेळ!

दुसरा खटला १९९९ चा. किरकोळ रजेवर घरी निघालेल्या जवानाला रेल्वेच्या अपघातात कायमचं अपंगत्व आलं. नियमात होतं, सरकारी खर्चाने प्रवास चालू असेल तर तो ड्युटीवर. याने तिकीट स्वतःच्या खिशातून काढलेलं. सरकारचे पैसे वाचवले, सबब ड्युटीवर नाही! हे तर्कशास्त्र सर्वोच्च न्यायालयाला पेललं नाही. अधिकृत रजेवर जाताना पैसे कुणी भरले याने फरक पडत नाही, असं म्हणून त्यांनी पेन्शन दिली. सुभेदारसाहेबांना हे सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, “म्हंजे तिकीट जपून ठेवाय पायजे.” फाइलीत खरोखर एक जुनं रेल्वे वॉरंट होतं.

तेव्हापासून मला हिंजवडीच्या म्हातोबाच्या यात्रेची काळजी वाटते. चैत्री पौर्णिमेला बगाड निघतं, गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचून त्याला बगाडावर चढवतात आणि हजारो माणसं भंडारा-गुलाल उधळत वाकडकडे निघतात. उद्या एखादा गाववाला जवान रजेवर येऊन गर्दीत पाय मोडून घेईल. बगाडाचा सैनिकी सेवेशी संबंध काय, असं विचारलं तर आमच्या गावकऱ्यांच्या वतीने मी एवढंच म्हणेन, की ते दोर ओढायला शिस्त लागते.

टक्क्यांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. वीस टक्क्यांच्या खाली अपंगत्व असेल तर काही नाही. एकोणीस टक्के म्हणजे ठणठणीत. वीस झाले की दार उघडतं, आणि मग सरकार एकदम दिलदार होतं : पन्नासच्या आत काहीही असलं तरी पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर, त्यापुढे शंभर. १९९६ पासूनचा हा नियम आधी फक्त आजारपणामुळे मध्येच काढलेल्यांना होता. नोकरी पूर्ण करून आजार घेऊन निघालेल्यांना तो मिळावा म्हणून २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सरकारची शेकडो अपिलं एकगठ्ठा फेटाळावी लागली. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, म्हणजे पन्नासला पंधरा. आपल्याकडे एक टक्क्याने ॲडमिशन हुकते हे ऐकून होतो. कानाने एक टक्का जास्त ऐकू येतं म्हणून पेन्शन हुकलेला माणूस भेटला तर त्याच्याशी हळू बोलावं.

पूर्वी याच्यावर आणखी एक कळस होता. इकडे बोर्डातले डॉक्टर माणसाला समोर बसवून टक्के ठरवत, आणि तिकडे अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातले वैद्यकीय सल्लागार नुसती फाइल वाचून ते कमी करत. रोगी पुण्यात, नाडी प्रयागात. रोग्याला न तपासता बोर्डाचं मत असं बदलता येत नाही, हे १९९३ साली न्यायालयाला सांगावं लागलं.

सभासदाच्या बखरीत प्रतापगडानंतरची, १६५९ ची हकीकत आहे. शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून कुणाला दोनशे, कुणाला शंभर, कुणाला पन्नास, पंचवीस होन दिले. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. मुलगा नसेल त्या बायकांना अर्धा पगार चालू केला. टक्केवारी तेव्हाही होती, पण जखम हवा-पाण्याने झाली की अनुवंशाने, हे बघायला समिती बसल्याचं सभासद लिहीत नाही. अफजलखानाला लोळवलं ते नेमकं फील्ड एरियात की पीस एरियात, हेही त्याने सोडून दिलं. लेखनिक म्हणून कच्चाच म्हणायचा.

पाठीमागे राहिलेल्यांचं प्रकरण मात्र हसत हसत सांगायला मला जड जातं, आणि तरी ते विनोदीच आहे. मृत्यूनंतर पत्नीला मिळणारी साधी पेन्शन शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. मृत्यू सेवेमुळे असेल तर साठ. लढाईतला किंवा तशा कारवाईतला असेल तर शंभर. तेव्हा मृत्यू कोणत्या रकान्यातला, यावर चूल ठरते. २०१३ च्या जानेवारीत जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळच्या गस्तीवर एका जवानाचा कडाक्याच्या थंडीत श्वास अडकला. हवा इतकी खराब, की हेलिकॉप्टर येईना. साथीदारांनी पायी खाली आणलं. आधी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहिलं, नंतर खोडून ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. ट्रिब्युनलने पत्नीला वरच्या दराची पेन्शन दिली, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या डिसेंबरात न्या. अभय ओक यांच्या पीठाने ते अपील फेटाळलं, आणि या बाईंना इथवर ओढायलाच नको होतं असं सांगून सरकारला पन्नास हजार रुपये खर्च भरायला लावला.

आणि रकाना बरोबर निघाला तरी नाव जुळायला हवं. इथे आपल्या मराठी चालीरीतींनी सरकारला मोठी मदत केलेली आहे. सुभेदारसाहेबांच्या गावातल्या एका वहिनींचं माहेरचं नाव एक, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं दुसरं, गावात हाक मारतात तिसऱ्याने, आधारवर मशीनवाल्या पोराने टंकलेलं चौथं, आणि रेकॉर्ड ऑफिसच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये नवऱ्याने बर्फातून कळवलेलं पाचवं. जन्मतारीख सगळीकडे एक जून, कारण गुरुजींनी त्या वर्षी सगळ्याच पोरांना एक जूनला जन्माला घातलं होतं. ‘स्पर्श’ नावाच्या संगणकप्रणालीला या पाच बायका दिसतात आणि पेन्शन एकीला द्यायची असते. वहिनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहितात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसतात, प्रतिज्ञापत्रं करतात. ‘मी तीच आहे,’ असं शपथेवर लिहून देण्याची वेळ सीतामाईवर आली होती, त्यानंतर यांच्यावर.

सरकारला हे कळत नाही असं नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती, सैनिकांविरुद्धची ही न संपणारी अपिलं कशी थांबवावीत यावर. समितीने शिफारशी केल्या. अपिलं पुढेही चालूच राहिली. दुसरी बाजूही न सांगता गेलो तर सुभेदारसाहेबच रागावतील. अपंगत्वाची पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांत जवानांपेक्षा अधिकाऱ्यांचं प्रमाण फार मोठं असल्यावर महालेखापरीक्षकांनी बोट ठेवलं आहे. “साहेब लोकांची शुगर बराबर शेवटच्या वर्षाला वाढती,” एवढंच सुभेदारसाहेब म्हणाले आणि त्यांनी लगेच इकडेतिकडे पाहून घेतलं. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या नव्या नियमांत नोकरी पूर्ण करून निघणाऱ्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव दिलंय. गैरफायदा घेणारे नवं नाव लवकर पाठ करतील. सुभेदारसाहेबांनी जुनंच अजून नीट म्हणायला घेतलेलं नाही.

परवा रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आरोग्य शिबिर झालं. एक तरुण डॉक्टरीणबाई, एक यंत्र, आणि सी विंगपर्यंत गेलेली रांग. माझ्या पुढे फेज वनमधला एक एकोणतीस वर्षांचा मुलगा. दीडशे-शंभर निघाला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, “आयटीत ना? कामाचा ताण आहे हो तुमच्यावर. जरा रजा घ्या.” कागदावर तसं लिहूनही दिलं. सुरुवात फेज वनला झाली की टूला, कुणी विचारलं नाही. त्याने पुरावा मागितला नव्हता, बाईंनीही नाही. सगळं मिनिटभरात.

मग सुभेदारसाहेब बसले. टोपी काढून मांडीवर, बाही दोन घड्या वर, पाठ ताठ. एकशे साठ-शंभर.

“काका, मीठ कमी करा. लोणचं-पापड बंद. ॲन्क्झायटी वगैरे काही? नाही ना? या वयात होतंच.” लिहिता लिहिता बाईंनी विचारलं, “घरी कुणाला आहे का बीपी?”

“घरचं ठाव न्हाई, ताई,” सुभेदारसाहेब म्हणाले. “घरी मी कुटं हुतो?”